टस्कनी व्हाया गोंदिया

पुणे स्टेशनवर रात्री कधी उभे राहिला असाल, तर ती पाटी तुम्ही वाचलेलीच आहे. 'कोल्हापूर - गोंदिया'. महाराष्ट्र एक्स्प्रेस. तेराशे किलोमीटरहून जास्त धावते आणि तरी राज्याची हद्द ओलांडत नाही, अशी ही जिद्दी गाडी. आपल्यापैकी बहुतेकांसाठी गोंदिया म्हणजे त्या पाटीचं दुसरं टोक. तिथे खरंच एक गाव आहे, त्यात माणसं राहतात, हे कुणाच्या डोक्यातही येत नाही.

माझ्या येतं. कारण मी तिथली.

आता कबूलच करते. पुण्यात आल्यापासून 'तू कुठली?' या प्रश्नाला माझं उत्तर ठरलेलं आहे : 'नागपूरजवळची.' नागपूर ते गोंदिया अंतर साधारण मुंबई-पुण्याएवढं. म्हणजे एखाद्या पुणेकराने स्वतःची ओळख 'मुंबईजवळचा' अशी करून द्यावी, तसं हे. (करून बघा, पेठेत राहत असाल तर जरा जपून.)

तर झालं असं, की माझ्या रूममेटचं टस्कनीचं सगळं ठरलं होतं. दोन वर्षं पैसे साठवले, सुट्ट्या साठवल्या, 'अंडर द टस्कन सन' पाच वेळा पाहिला. भिंतीवर नकाशा. सॅन जिमिन्यानोचे ते उंच दगडी बुरूज, मॉन्टेपुल्चानोच्या उतरत्या गल्ल्या, कियान्तीच्या द्राक्षबागा. आणि ऐन वेळी व्हिसाचं बिनसलं. मॅडम दोन दिवस पांघरुणातून बाहेर आल्या नाहीत. तिसऱ्या दिवशी मी चहा घेऊन गेले आणि तिला हसवायला म्हणून बोलून गेले, 'अगं, तुला डोंगर हवेत, जुनी गावं हवीत, साधं जेवण हवंय आणि तिथेच बनलेली दारू हवीय ना? सगळं आमच्याकडे आहे. चल गोंदियाला.'

ती उठून बसली. 'खरंच?'

बॉस, गंमत करतानासुद्धा माणसाने विचार करावा.

मार्चअखेरचा आठवडा. सगळ्यात आधी तिच्या आईचा फोन : 'तिकडे नक्षलवादी असतात ना?' मग आमच्या ऑफिसमधल्या एकाचा सल्ला : 'उन्हाळ्यात विदर्भ? वेड लागलंय का?' दोघांनाही मी काय सांगणार? मला स्वतःलाच धडकी भरली होती, फक्त कारण वेगळं होतं. ही मुलगी माझं घर बघणार. मोठ्या आईचं मातीचं अंगण बघणार. आणि सात वर्षं मी 'नागपूरजवळ' का म्हणत होते, ते तिला कळणार.

गोंदिया शहराबद्दल फार लिहीत नाही. भाताच्या गिरण्या, बिड्यांचा जुना धंदा, हिंदी-मराठी-पोवारी-छत्तीसगढी यांची खिचडी बोलणारा बाजार आणि एक मोठं रेल्वे जंक्शन. १ मे १९९९ ला हा जिल्हा भंडाऱ्यातून वेगळा झाला. नाशिकला सुला सुरू झाली तीही १९९९ मध्येच. एकाच वर्षी जन्मलेली ही दोन भावंडं. एकाच्या नशिबी वाइन फेस्टिव्हल आले, दुसऱ्याच्या नशिबी रेल्वेची पाटी.

पण शहर सोडून सालेकसा तालुक्याकडे वळलात, की जमीन उठायला लागते. इथपर्यंत सपाट भातखाचरं, मार्चमध्ये कोरडी ठणठणीत. आणि मग अचानक दरेकशाच्या टेकड्या. पळस शेवटच्या फुलांवर होता. हावड्याकडे जाणारी रेल्वेलाइन या डोंगरातून बोगद्यातून जाते आणि जवळच हाजरा फॉल. पावसाळ्यात तो काय कोसळतो ते मला माहीत आहे; मार्चमध्ये मात्र त्याची एक बारीकशी रेघ उरली होती. टस्कनीबाईंनी (आता हेच नाव पडलंय तिला) त्या रेघेचेही फोटो काढले.

खरी चढण कचारगडची. धनेगावपासून पुढे पायी, दगडांतून, साल-बांबूच्या... चुकले, साल नाही, साग-बांबूच्या सावलीतून. वर एक प्रचंड गुहा आहे आणि तिच्या छताला एक भोक, त्यातून उजेडाचा झोत सरळ खाली येतो. गोंड समाजाचं हे मूळस्थान. श्रद्धा अशी, की कली कंकालीची मुलं या गुहेत कोंडली गेली होती आणि पहांदी पारी कुपार लिंगोने आपल्या वाद्याच्या सुरांनी त्यांच्यात बळ भरलं, तेव्हा तोंडावरची शिळा हलली. माघ पौर्णिमेला इथे कोया पुनेम यात्रा भरते. मध्य प्रदेश, छत्तीसगड, तेलंगणा, ओडिशा, कुठून कुठून लोक येतात. आम्ही गेलो तेव्हा चिटपाखरू नव्हतं. फक्त वटवाघळांचा वास आणि गारवा. टस्कनीबाई बराच वेळ गप्प उभ्या होत्या. मग म्हणाल्या, 'हे एवढं मोठं आहे आणि मी याचं नावसुद्धा ऐकलं नव्हतं?'

मी काय बोलणार? मीही तिला सात वर्षांत कधी सांगितलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी दक्षिणेकडे, नवेगावबांध. इथे तुमच्यातले पुस्तकवाले लोक कान टवकारतील. मारुती चितमपल्ली इथे वनाधिकारी होते. २०२५ मध्ये एप्रिलअखेर त्यांना पद्मश्री मिळाली आणि त्याच वर्षी जूनमध्ये ते गेले. त्यांना जंगल वाचायला शिकवणारे माधवराव पाटील डोंगरवार याच नवेगावचे. आणि इथून फार लांब नाही ते नागझिरा, व्यंकटेश माडगूळकरांच्या पुस्तकामुळे पुण्यातल्या निम्म्या कपाटांत जाऊन बसलेलं. नवेगाव १९७५ पासून राष्ट्रीय उद्यान आहे. २०१३ मध्ये दोन्ही मिळून व्याघ्र प्रकल्प झाला.

पण मला नवेगावात वाघापेक्षा तळं महत्त्वाचं वाटतं. डोंगरांच्या कुशीत पसरलेलं, समोरचा काठ धूसर दिसावा एवढं मोठं. आणि ते माणसांनी बांधलेलं आहे! कोलू पाटील कोहळी यांनी अठराव्या शतकाच्या सुरुवातीला बांधलं, असं सांगतात. कोहळी ही तलाव बांधणाऱ्यांची जमात. कुठे उतार आहे, पाणी कुठे अडेल, पाळ किती रुंद हवी, हे त्यांना उपजत कळायचं म्हणे. या सगळ्या पट्ट्यात असे हजारो तलाव आहेत. मालगुजारी पद्धत गेली तेव्हा त्यांचं सरकारी नाव झालं 'माजी मालगुजारी तलाव', आणि त्याचं झालं 'मामा तलाव'. टस्कनीबाईंना हे प्रचंड आवडलं. पुढचे दोन दिवस दिसेल त्या डबक्याला ती 'नमस्कार मामा' म्हणत होती.

या मामांच्या जिवावर इथला भात पिकतो, आणि भाताच्या जिवावर माणसं. अजून एक जण त्यावर जगतो : सारस. माणसाच्या उंचीचा, लाल डोक्याचा, जन्मभर एकाच जोडीदाराबरोबर राहणारा पक्षी. महाराष्ट्रात सारस पाहायचा असेल तर गोंदियालाच यावं लागतं. तो बांधीतच घरटं करतो, म्हणजे शेतकऱ्याने थोडं पीक सोडलं तरच त्याचं अंडं वाचणार. आम्हाला परसवाड्याच्या बाजूला लांबून एक जोडी दिसली. दोघं एकाच वेळी मान वर करून ओरडले. टस्कनीबाई म्हणाल्या, 'हे तर माझ्या आईबाबांसारखे भांडतायत.'

आता जेवण. तुम्ही त्यासाठीच वाचताय, माहितीये मला.

पहिली गोष्ट, विदर्भ म्हटलं की तुमच्या डोळ्यांसमोर सावजी आणि तर्रीचा लाल समुद्र येतो. झाडीपट्टीत, म्हणजे आमच्या या पूर्वेकडच्या झाडांच्या मुलखात, तसं नाही. इथे भात राजा. पोळी म्हणजे पाहुणा. चिन्नोर नावाचा बारीक, सुगंधी तांदूळ शिजायला ठेवला, की तीन घरं पलीकडे कळतं. त्याच्याबरोबर तळ्यातले मासे, झिंगे, जवसाची चटणी, अंबाडीची आंबट भाजी. हिवाळ्यात आलात तर लाखोळीच्या कोवळ्या पाल्याची भाजी. भात कापायच्या आधीच ओल्या बांधीत लाखोळी फेकतात, ना नांगर ना खत, ती आपली आपण उगवते. पावसाळ्यात आलात तर वास्ते, म्हणजे बांबूचे कोवळे कोंब, आणि नशीब असेल तर जंगलातल्या सात्या. (मश्रूम म्हणू नका. मोठी आई मारेल.) सकाळी नाश्त्याला तांदळाच्या पिठाचा चिला, छत्तीसगडच्या शेजारातून आलेला, आणि वर पाट्यावर वाटलेली लसूण-टमाट्याची चटणी. टस्कनीबाईंनी पाच चिले हाणले आणि म्हणाल्या, 'क्रेप!' मोठ्या आईने माझ्याकडे पाहिलं. 'का म्हणते वं ते?' मी म्हटलं, छान झालाय म्हणते.

मोठी आई म्हणजे माझ्या आईची मोठी बहीण. अर्जुनी मोरगाव तालुक्यात तिचं गाव. त्या गावाचं नाव लिहीत नाही, का ते पुढे कळेल.

त्याच तालुक्यात गोठणगावजवळ एक धक्का आहे. इटियाडोह धरणाच्या बाजूच्या रस्त्याने जाताना अचानक रंगीत पताका दिसतात, मग गोम्पा, मग मरून वस्त्रांतले भिक्खू. नोर्ग्येलिंग तिबेटी वसाहत. तिबेट सोडावं लागलेली माणसं १९७०च्या दशकात इथे, या चाळीस-पंचेचाळीस डिग्रीच्या मुलखात आणून वसवली. हिवाळ्यात इथले बरेच जण गावोगाव स्वेटर विकायला जातात. लहानपणी आमच्या बाजारात दिवाळीनंतर येणारे ते 'स्वेटरवाले' इथलेच असणार हे मला फार उशिरा लक्षात आलं. आम्ही तिथे मोमो खाल्ले आणि घाम पुसत गरम थुक्पा प्यायलो. आणि तिथून थोड्याच अंतरावर प्रतापगड. एकाच डोंगरावर महादेव आणि एकाच डोंगरावर ख्वाजा उस्मान गनी हारुनींचा दर्गा. महाशिवरात्रीला यात्रा भरते. एका दिवसात एवढं सगळं पाहून टस्कनीबाईंनी जाहीर केलं, 'इटली कॅन्सल. मी आता फक्त वाइनची वाट पाहतेय.'

आणि इथे माझ्या पोटात गोळा आला.

मोहाबद्दल तुम्ही ऐकलंय. 'पहिल्या धारेची' हा शब्द आपण ऑफिसच्या पार्टीत अगदी सहज वापरतो. पण मोह पाहिलाय किती जणांनी?

पहाटे चारला मोठ्या आईने आम्हाला उठवलं. टोपल्या, एक टॉर्च, पाण्याची बाटली. शेताच्या बांधावर आणि पुढे जंगलाच्या कडेला तिची चार झाडं आहेत. 'तिची' म्हणजे कागदावर नव्हे. पण गावात प्रत्येकाला माहीत असतं कोणतं झाड कोण वेचतं, आणि तो नियम कुणी मोडत नाही. झाडाखालचा पालापाचोळा आधीच झाडून ठेवलेला. काही जण तो जाळतात, त्यातूनच कित्येकदा जंगलात वणवा लागतो, म्हणून मोठी आई खराटाच वापरते. आम्ही पोचलो तेव्हा अंधार होता आणि आवाज येत होता. टप. टप... टप. मोहाचं फूल तोडायचं नसतं, ते स्वतः पडतं, रात्रीच्या शेवटच्या प्रहरापासून सकाळपर्यंत. फिकट पिवळं, गरगरीत, द्राक्षाएवढं. तोंडात टाकलं तर आधी गोड, मग थोडं उग्र, मग परत गोड. वास तर असा, की झाडाखाली दहा मिनिटं बसलं तरी डोकं हलकं होतं.

'बोलत राहा,' मोठी आई म्हणाली. 'आवाज करत राहा.'

कारण हे फूल अस्वलालाही आवडतं. दरवर्षी या दिवसांत मोह वेचायला गेलेल्या बायकांवर अस्वलाचे हल्ले होतात. टस्कनीबाईंनी घाबरून जी बडबड सुरू केली, ती उजाडेपर्यंत थांबली नाही. अस्वलच काय, मामा तलावातले बगळेही उठले असतील.

वाकून वाकून तीन तास. माझी कंबर गेली. मोठी आई साठीच्या पुढची. तिची टोपली भरली तेव्हा आमच्या दोघींची मिळून अर्धीसुद्धा झाली नव्हती. मग घरी आणून अंगणात पसरायची. तीन-चार दिवसांत ती वाळून लालसर तपकिरी होतात, मनुकांसारखी. मग व्यापारी येतो. पुण्यातल्या एका कॅपुचिनोच्या पैशात वाळलेल्या फुलांची चार-पाच किलोंची पिशवी येते. म्हणजे आमच्या तिघींच्या त्या सकाळची किंमत, वाळवून वजन घटल्यावर, एका कॉफीएवढीही नाही. नंतर मे-जूनमध्ये फळं येतात, त्यांच्या बिया म्हणजे टोळी; तिचं तेल निघतं. ते खायलाही वापरतात आणि दिव्यालाही.

दुपारी खाटेवर पडून टस्कनीबाईंनी मला कियान्तीचा इतिहास ऐकवला. १७१६ मध्ये तिथल्या ड्यूकने, तिसऱ्या कोसिमो मेदिचीने, फर्मान काढून कियान्तीच्या प्रदेशाच्या हद्दी ठरवून दिल्या. या हद्दीत बनेल तीच कियान्ती, बाहेरची नाही. तीनशे वर्षं झाली, त्या हद्दीचा अभिमान अजून बाटलीच्या गळ्याशी चिकटवलेला आहे. मी तिला आमचा इतिहास सांगितला. इंग्रजांनी मुंबई इलाख्यात १८९२ मध्ये मोहफुलांवर बंधन घालणारा खास कायदा केला. कारण लोक घरी गाळायला लागले की सरकारी अबकारी बुडायची. गोंदिया तेव्हा मध्य प्रांतात होतं, पण साहेबाची नजर सगळीकडे तीच. स्वातंत्र्यानंतरही फूल बाळगणं आणि नेणं परवान्यात अडकलेलं राहिलं. महाराष्ट्रात ते निर्बंध २०२१ मध्ये उठले. फूल सुटलं, पण घरी दारू गाळणं आजही गुन्हा. शेजारच्या गडचिरोलीत तर १९९३ पासून पूर्ण दारूबंदी. आणि तिकडे बालाघाटची हद्द ओलांडली, की मध्य प्रदेशात २०२२ पासून हीच दारू 'हेरिटेज मद्य'! गोव्यात डेस्मंडजी नावाने मोहाची बाटली निघाली, छान काचेची, बारमध्ये मिळणारी. तेच फूल. एका बाजूला हेरिटेज, एका बाजूला हातकडी.

'हा अन्याय आहे,' टस्कनीबाई खाटेवर उठून बसल्या. 'याची वाइनरी पाहिजे इथे. टेस्टिंग रूम. होमस्टे. मावशींनी—'

'मोठी आई,' मी म्हटलं.

'मोठ्या आईंनी ब्रँड काढला पाहिजे!' आणि तिने थेट आत हाक मारली. 'मोठी आई, आम्हाला थोडी चाखायला मिळेल का? मोहाची?'

आत तांदूळ निवडायचा आवाज थांबला.

मी तिला आधी सांगायला हवं होतं. गाडीतच सांगायला हवं होतं. मोठे बाबा, मोठ्या आईचे यजमान, मी अकरावीत होते तेव्हा गेले. घरात कुणी 'दारूने' असं म्हणत नाही. 'पोटाचं झालं' म्हणतात. शेत गहाण पडलं, दोन बैल गेले आणि एका रात्री मोठी आई तिच्या धाकट्या मुलीला घेऊन आमच्या घरी आली तेव्हा तिच्या कपाळाला टाके होते. तुम्ही 'नागपूरजवळ' म्हणता तेव्हा हे सगळं एका शब्दात मागे राहतं. सोयीचा शब्द आहे.

मोठी आई बाहेर आली. चिडली नव्हती. सुपातले खडे वेचत म्हणाली, 'आमच्या घरी नाही होत ते, बाई.' मग माझ्याकडे न बघता, 'तुले माहीत आहे नं?'

टस्कनीबाईंचा चेहरा पडला. तिला सगळं लगेच कळलं नाही, पण काहीतरी कळलं. थोड्या वेळाने तिने मला हळूच विचारलं, 'मग त्या ही फुलं विकतात कशाला? व्यापारी त्याचं काय करतो ते त्यांना माहीत नसेल?'

हा प्रश्न मीही एकदा मोठ्या आईला विचारला होता. कॉलेजात होते, मास कॉमचा पहिला सेमिस्टर, प्रश्न विचारायची भारी हौस. तेव्हा ती म्हणाली होती, 'मले माहीत नाही का, कोठी जातात ते? तुझ्या बहिणीची फी त्यातूनच गेली.' उन्हाळ्यात शेतात काम नाही, बांधीत पाणी नाही. तेंदूपत्ता यायला अजून वेळ. त्या दोन महिन्यांत घरात रोख पैसा येतो तो या झाडाखालून. आणि तोच पैसा संध्याकाळी गावातल्या कितीतरी घरांतून त्याच फुलाच्या वासाने परत जातो.

इथपर्यंत मी तुम्हाला बरी वाटत असेन. पुढचं ऐका.

त्या संध्याकाळी आम्ही गावात फिरायला गेलो. माझ्या ओळखीच्या एका घरी चहाला बसलो आणि तिथे विषय निघाला. पुण्याच्या पाहुण्या आहेत, चव तरी बघा. भांडी मागच्या परसात होती : खाली मातीचं मडकं, त्यात आठवडाभर भिजवून आंबवलेली फुलं, वर दुसरं भांडं, त्यात गार पाणी, बाजूने बांबूची नळी आणि तिच्या टोकाशी एक एक थेंब. खाली चूल मंद. आच वाढली तर करपते, कमी झाली तर येतच नाही. घरातल्या आजी ज्या एकाग्रतेने त्या थेंबांकडे बघत होत्या, तसं मी इटलीच्या फिल्ममधल्या एकाही वाइनमेकरला बघताना पाहिलेलं नाही. आणि त्यांनी आधी काय केलं असेल? पहिला घोट पळसाच्या पानावर ओतून जमिनीला दिला. इथल्या गोंड घरांत जन्म, लग्न, मरण, देवाचं काहीही असो, मोहाशिवाय होत नाही. ही बाटली काढायची म्हणून काढलेली वस्तू नाही, ते देवाचं आहे. टस्कनीबाईंनी घोट घेतला. डोळे मिटले. 'धूर... आणि फुलं... आणि शेवटी मनुका,' ती म्हणाली, तिच्या त्या वाइनच्या भाषेत, आणि मला हसू आलं नाही, कारण ते अगदी खरं होतं.

मीही घेतला. लहानपणापासून ज्या वासाने पोट आवळायचं, तो घोट मी आयुष्यात पहिल्यांदा घेतला. छान होता. हे लिहिताना मला बरं वाटत नाहीये, पण छान होता.

(घरी जाऊन कुणी शोधायला लागू नका. बेकायदा तर आहेच, पण बाजारात स्वस्तात जी विकली जाते तिच्यात काय मिसळतात याचा नेम नसतो. माणसं मरतात त्याने.)

घरी आलो तेव्हा मोठी आई चुलीपाशी होती. ताट वाढायला माझ्याजवळ वाकली आणि एक क्षण तशीच थांबली. काही बोलली नाही. भात वाढला, माशाचं कालवण वाढलं, टस्कनीबाईंना आग्रह करून दोनदा वाढलं. 'खा वं बाई, लाजू नको.' मग दिवा मालवला.

दुसऱ्या दिवशी जाग आली तेव्हा चांगलंच ऊन आलं होतं. अंगणात ताजी फुलं पसरलेली. ती एकटीच जाऊन आली होती. आम्हाला उठवलं नाही.

टस्कनीबाईंना वाटलं, आपण दमलो म्हणून झोपू दिलं. मी तिला काही सांगितलं नाही. हा लेख वाचून कळेल. मी खराटा घेतला, अंगणाची कड झाडली. फुलं उलटी-पालटी केली. बराच वेळ आम्ही दोघी एकमेकींशी न बोलता ते काम करत होतो. मग मोठी आई म्हणाली, 'कोणाकडची होती?' मी नाव सांगितलं. 'त्या म्हातारीची चांगली राहते,' ती म्हणाली. 'स्वच्छ.' बस. एवढंच. मग टोपली उचलून आत गेली.

निघताना तिने पिशवीत लाडू भरून दिले. मोहाचे. फुलं वाळवून, आतले केसर झटकून, तव्यावर भाजून, तीळ आणि शेंगदाण्याबरोबर उखळात कुटलेले. गूळ अगदी थोडा, गोडवा फुलाचाच. ते लाडू परतीच्या गाडीत वर्धा येईपर्यंत संपले. आणि वर दोन किलो वाळलेली फुलं, फडक्यात बांधून.

'लाडू करजो,' ती म्हणाली. 'दुसरं काही केलंस त मले सांगू नको.'

जायचं असेल, तर : नोव्हेंबर ते फेब्रुवारी उत्तम. तळ्यांवर पाहुणे पक्षी असतात, हवा गार, आणि झाडीपट्टीची नाटकं जोरात. रात्री दहाच्या सुमारास पडदा उघडतो तो पहाटेपर्यंत, शाल बरोबर ठेवा. मोह पाहायचा असेल तर मार्चअखेर ते एप्रिल, पण मग दुपारी बाहेर पडायचं नाही आणि स्थानिक माणसाशिवाय पहाटे झाडाखाली जायचं नाही. कचारगडला चांगले बूट. हाजरा फॉल पावसाळ्यात. मुंबईहून विदर्भ एक्स्प्रेस थेट गोंदियापर्यंत जाते. पुण्याहून ती पाटीवाली गाडी आहेच; रात्री बसलात की दुसऱ्या दिवशी दिवेलागण होऊन गेल्यावर उतरता. जेवणाचा डबा न्या.

गेल्या रविवारी आम्ही लाडू करायला घेतले. मिक्सरमध्ये फिरवले तर नुसता चिकट गोळा झाला, भांड्यालाच चिकटून बसला. मोठ्या आईला व्हिडिओ कॉल लावला. तिने फोन डोळ्यांजवळ धरून आमचा गोळा नीट पाहिला.

'भाजलीच नाहीस तू,' ती म्हणाली. 'कुरकुरीत झाली पाह्यजेत. आणि ते मशीन कायले लावलंस? उखळ नाही का तुमच्या पुन्यात?'

टस्कनीबाई आता खलबत्ता शोधत तुळशीबागेत गेल्या आहेत.